बिछायत

दारव्ह्याला, छोट्या गाडीच्या बंद फाटकापाशी,
बियाण्यांच्या दुकानावर आमचं ऑफिस.
जिना चढताना फवारणीच्या औषधांचा वास,
वर नऊ संगणक, एक इन्व्हर्टर,
आणि डेन्मार्कच्या कुठल्याशा दवाखान्यांची बिलं,
जी आम्ही दुरुस्त करायचो
कधी न पाहिलेल्या आजाऱ्यांसाठी.

माझ्या मामाचं बिछायत केंद्र लाडखेडला.
तीनशे ताटं जायची, दोनशे ब्याऐंशी यायची.
मामा वहीत लिहायचा, अठरा येनं हायेत.
ती अठरा पुढच्या लग्नसराईत
भलत्याच मांडवात पंगतीला बसलेली दिसायची,
मामाचं अक्षर बुडाशी ठोकलेलं.

एवढंच मी डबा खाताना बोलले.
नानोटी सर पोळीचा तुकडा तसाच धरून म्हणाले,
"मंग करत काहून नाही त्याचं काही?"
"कोनाच्या येळात, सर?"
ते गप्प झाले. मला वाटलं, राग आला.
सोमवारी फळ्यावर लिहिलेलं :
शुक्रवार, दोननंतर, मोनाली नाही.
'नाही'खाली दोन रेघा.

पगार कापला नाही.
पण बिलं काही शुक्रवारी थांबत नाहीत.
ती गेली तौसिफकडे.
जुम्म्याची नमाज आटपून तो धापा टाकत वर यायचा
आणि माझ्या वाट्याचं उघडून बसायचा.
तीन आठवडे माझ्याशी धड बोलला नाही.
चौथ्या आठवड्यात, स्क्रीनवरून नजर न काढता :
"परात ताटात मोजू नको. परात अलग लिही.
फुफीच्या घरी त्याच्यावरूनच भांडण झालतं."

वैशाखात बोरीच्या लग्नात पहिल्यांदा चालवलं.
लाइन गेली, पोरानं अंधारात मोजलं,
आणि माझ्या ॲपनं सांगितलं :
गेली तीनशे, परत आली चारशे बारा.
मामा हसला, आचारी हसला,
नवरदेवाचा काका मुद्दाम फोन बघायला आला.
सोमवारी मी डस्टर घेऊन फळ्यापाशी गेले.
सर म्हणाले, "ठेव ते खाली.
एकशे बारा ताटं नफ्यात हायेस तू."

मग किल्ली दिली, रविवारसाठी.
लाइन गेली की बाकीचे संगणक बंद,
इन्व्हर्टरवर फक्त माझा.
आणि एक कागद, लेटरहेडवर, शिक्का मारून :
हे काम हिचं आहे, कंपनीचं नाही.
जमलं नाही तर एक वर्ष खुर्ची रिकामी राहील.

आईनं तो कागद दोनदा वाचून घेतला माझ्याकडून.
"याच्यात त्याचा काय फायदा?"
तिला फुकटाचं काही पटत नाही.
मी सरांना तसंच्या तसं विचारलं.
ते म्हणाले, "पुण्यात मी बी मागतला होता येळ.
त्याह्यनं मले टी-शर्ट देला.
मालकासारखा विचार करा, असं छापलेलं.
गाडी पुसाले बरा हाये."

आता एकेचाळीस केंद्रं माझ्याकडे.
मामाच्या गोदामात, ताडपत्रीच्या वासात बसते,
बाजूला उपडे गंज, डोक्यावर झुंबरांची पोती.
तिकडच्या माझ्या खुर्चीवर
सध्या राउटरची खोकी आहेत म्हणे.
वर्ष होऊन गेलं, कुणी ती दुसऱ्याला दिली नाही.

एका रात्री, चाचणी म्हणून,
मी त्या ऑफिसच्या नावानं खातं उघडलं.
नेलं : शुक्रवार चौसष्ट. किल्ली एक.
परत :
तिथं बोट थांबलं.
किल्लीसुद्धा अजून माझ्याच जुडग्यात.
रकाना रिकामा ठेवला, तर ॲप पुढे जाऊ देईना.

तौसिफ अजून चुका कळवतो, शुक्रवारीच, दोननंतर.
परवा त्याचा निरोप आला :
'परत'च्या जागी काही लिहिलं नाही
तर खातं सेव्ह होत नाही. बघ जरा.

बघितलं.
दोन ओळींचं काम आहे.
अजून हात लावलेला नाही.